सुतकातला पार्श्वनाथ

सुधाकर मास्तर गेले त्या सकाळी त्यांच्या मुलीला, विनिताला, रडू येण्याआधी मूर्ती आठवली. वीतभर उंचीचा कांस्याचा पार्श्वनाथ, डोक्यावर सात फण्यांचा नाग, आणि शेकडो वर्षं अंगावरून पाणी घेऊन झिजलेलं नाक. मास्तरांनी चाळीस वर्षांत जमवलेल्या मूर्तींत प्रतिष्ठा झालेली अशी ही एकच. हिला एक दिवसही कोरडी ठेवू नका, असं एका जैन साधूंनी त्यांना बजावलं होतं. मास्तर जैन नव्हते, पण शब्दाचे पक्के. रोज सकाळी स्वतः पाणी घालायचे.

आता घरात दहा दिवसांचं सुतक. देवाला हात लावायचा नाही. अशा वेळी देव शेजाऱ्यांकडे द्यायचे, आणि नंदाखाल गावातल्या त्या ख्रिस्ती आळीत शेजारी म्हणजे सालोमी मावशी.

"दे इकडे बाय," मावशी म्हणाली. "येशूला सांगते, शेजारधर्म आहे. तो काय नाही म्हणतोय?"

अकराव्या दिवशी दुपारी मावशीने टॉवेलात गुंडाळलेली मूर्ती टेबलावर ठेवली आणि टॉवेल काढला. मूर्ती लखलखत होती.

"सणाआधी चर्चमधली मेणबत्तीची स्टँडं मीच घासते," मावशी खुशीत होती. "आधी चिंच, मग बारीक रांगोळी. मास्तरांचा देव काळा कसा परत देऊ?"

"छान झालीय," विनिता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

चार वाजता पुरातत्त्व खात्याचे अधिकारी यायचे होते. मूर्ती मुलीच्या नावावर करावी, असा अर्ज मास्तरांनीच आजारपणात केला होता. नोंदणीच्या कागदावरच्या फोटोत मूर्ती काळीशार, हिरवट झाक असलेली. समोरची मात्र कालच बाजारातून आणल्यासारखी. अस्सल विकून नक्कल ठेवली, असंच कुणीही म्हणेल. मग मूर्ती जप्त होणार, चौकशी लागणार, आणि बाबांचं नाव लोकांच्या तोंडी. तिने निरांजनाची काजळी तेलात कालवलीसुद्धा. बोट मूर्तीपर्यंत गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. हात धुतले, तरी काळं नखांत राहिलंच.

अधिकारी वेळेवर आले. फोटो पाहिला, मूर्ती पाहिली, पुन्हा फोटो. चष्मा काढून पुसला.

"हीच का ती?"

"हीच."

त्यांनी मूर्ती उलटी केली आणि पोकळ बैठकीत टॉर्च मारला. मावशीचं फडकं तिथवर पोचलं नव्हतं. मूर्ती ओतताना आत राहिलेली जळकी माती तशीच चिकटलेली, कडेला जुना हिरवा गंज.

"आहे तीच आहे," ते शेवटी म्हणाले. "पण घासली कुणी? शेकडो वर्षांचा थर गेला."

"मी."

"मास्तरांची मुलगी ना तुम्ही? त्यांनी काहीच शिकवलं नाही?"

विनिताने मान खाली घातली. दुसरा कुठलाही बोल तिने सोसला असता.

"तिला काय विचारता?" चहाचा ट्रे घेऊन मावशी दारात उभी होती. "मी घासली. मास्तरांनी सगळं शिकवलं तिला, मलाच नाही शिकवलं. चिडायचं तर माझ्यावर चिडा, साहेब. आणि चहा घ्या."

साहेबांनी चहा घेतला. 'मूर्ती तीच, पृष्ठभाग घासलेला', असा शेरा लिहून कागद विनितापुढे सरकवला.

नवीन मालक. तिने नाव लिहिलं. आधीचा मालक. तेही लिहिलं, घाईने, मूर्ती राहिली या आनंदात.

"नावाच्या आधी कै. लिहावं लागेल," साहेब हळू आवाजात म्हणाले.

नावाच्या डाव्या बाजूला जेमतेम दोन अक्षरांची जागा होती. पेन तिथवर नेऊन ती थांबली. मावशीने रिकामे कप उचलले, पण आत गेली नाही. विनिताच्या खुर्चीमागेच उभी राहिली.