देणगीदाराच्या नावाची सावली

मित्रांनो, मी रागावलेलो आहे. राग गिळावा, बोलताना आवाज चढू देऊ नये, असे घरच्यांनी तुम्हाला शिकवले असेल. बरोबरच शिकवले आहे. मीही आवाज चढवणार नाही. पण मी तुमच्या शाळेसारख्याच एका शाळेच्या गच्चीवरचा जुना सोलर पॅनेल आहे, आणि तिथे पडल्या पडल्या जे पाहिले ते आज सांगितल्याशिवाय राहणार नाही.

माझा जन्म वाळूचा. ती वाळू भट्टीत तापवली, शुद्ध केली, तिच्या पातळ चकत्या कापल्या, त्यांवर रुपेरी रेषा ओढल्या आणि वरून काच बसवली. एवढी अग्निपरीक्षा कशासाठी? तर अंगावर ऊन पडले की त्याची वीज करता यावी म्हणून. दुसरे काही मला येत नाही.

शाळेत आलो तेव्हा वायरमनने आणि शिपाईमामांनी आम्हा भावंडांना जिन्यावरून एकेक करून वर आणले.

"यांना जेवायला ऊन आणि अधूनमधून आंघोळ," वायरमन म्हणाला. "बाकी काही मागत नाहीत. दिवसभर मुकाट राबतात."

"म्हणजे माझ्या मेहुण्याच्या अगदी उलट," शिपाईमामा म्हणाले. "त्याला आंघोळ दोनदा लागते."

वायरमनने आम्हाला एका तारेत ओवले. आग लागली की माणसे रांग करून पाण्याच्या बादल्या पुढे देतात ना? मधला एकजण थांबला की सगळी रांग थांबते. आमचेही तसेच आहे. एकाच्या अंगावर सावली पडली की सगळ्यांचे काम मंदावते. वायरमनने जाताना हे मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, नीट समजावले होते. सरांनी मान डोलावली होती. मान डोलावणे आणि ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आमची वीज गच्चीवरच्या खोलीत जाई. तिथे एक यंत्र होते. त्याच्याखाली पुस्तक ठेवले की पडद्यावर एकेक अक्षर ताटाएवढे दिसे. हे यंत्र सातवीतल्या एका मुलीसाठी होते. ती एका जागी बसत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची नजर जन्मापासून अधू. पुस्तक नाकाला लावले तरी छापील अक्षरे तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. यंत्रापुढे पहिल्यांदा बसली तेव्हा ओरडलीच, "अगं बाई! 'क्ष' असा असतो होय? मला वाटायचं, नुसता गुंता झालाय!"

तिच्या वर्गाच्या बाई खूप हसल्या आणि मग पदराने डोळे पुसत खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. मी समोरच होतो. दुपारी गावातली लाईट जाई, पण ते यंत्र कधी बंद पडले नाही. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

वर्षाच्या शेवटी शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई येणार होत्या. भिंगरीला आपले आपण वाचता आले, तर ती याच शाळेत राहणार होती. नाही आले, तर तिला दूरच्या वसतिशाळेत पाठवायचे ठरले होते. घरी ती आणि तिची आई, दोघीच. "मी गेले तर आईला सुईत दोरा कोण ओवून देणार?" भिंगरी म्हणे. आई म्हणे, "तू ओवलास कधी? प्रत्येक वेळी सुई माझ्या बोटातच घुसवलीस!" आणि दोघी हसत. पण जिना उतरताना आईचा हात मुलीच्या खांद्यावरून निघत नसे.

आणि मग तो फलक आला.

आम्हाला ज्यांनी देणगी देऊन आणले होते, त्या साहेबांचे नाव रस्त्यावरून दिसावे असे मोठ्या सरांच्या मनात आले. रस्ता ज्या बाजूला, दुपारचे ऊनही त्याच बाजूला. तिथेच कठड्यावर माणसापेक्षा उंच लोखंडी फलक उभा राहिला. भोवती दिव्यांची माळ. दिवे कशावर लागत? आमच्याच विजेवर! दिवसा आमच्यावर सावली आणि संध्याकाळी बॅटरीत उरलेसुरले असेल ते फलकाच्या घशात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. दान द्यावे तर या हाताचे त्या हाताला कळू नये. सूर्य रोज नेमाने येतो, एक दिवस चुकवत नाही, त्याने कुठे आपल्या नावाचा फलक लावला आहे?

दुपारी यंत्र बंद पडू लागले. वर्गाच्या बाई गच्चीवर आल्या, आमच्यावरची काळी पट्टी पाहिली आणि सरांना बोलावून आणले.

"सर, ही सावली बघा. बोर्ड जरा हलवला तर..."

"अहो बाई, उन्हात किती तापतात ते बिचारे! जरा सावली मिळाली तर बरंच आहे की. थंड राहतील, जास्त टिकतील."

"सर, ते काही आंबे नाहीत आढीत घालायला. उन्हावरच चालतात ते."

"देणाऱ्याचं नाव खाली उतरवू म्हणता? उद्या कोण देईल आपल्याला? हे सोलरच मुळात शोभेचं. मी आधीच म्हणत होतो."

शोभेचे! ज्याने डोळ्यांवर हात धरला, तोच ओरडतो की दिसत नाही! त्या दिवसापासून शाळेत पाहुणे आले की सर आमच्याकडे बोट दाखवून "चालत नाहीत" म्हणत, आणि फलकापुढे उभे राहून फोटो काढून घेत.

तपासणीचा दिवस उजाडला. तपासनीस बाई खोलीत बसल्या, भिंगरीची आई दारात उभी राहिली. भिंगरीने धडा उघडला. पहिले वाक्य खणखणीत वाचले. दुसऱ्याच्या मध्यावर सावली माझ्यावर सरकली आणि पडदा काळा झाला. गावातली लाईट तर केव्हाच गेली होती. मी जीव तोडून ओढत होतो, मित्रांनो. पण अंधारातून काय ओढणार?

"पुढे वाच," तपासनीस बाई म्हणाल्या.

भिंगरीने पुस्तक नाकाला लावले. ओळीवरून बोट फिरवले. मग हळूच म्हणाली, "मुंग्या झाल्या."

"सोलरचा दोष आहे हो," सर घाईने म्हणाले. "आणि तसंही, हिला जमणारं नाही ते."

तेव्हा तिची आई बोलली. ती एरवी सरांपुढे मान वर करत नसे.

"मॅडम, पाच मिनिटं खाली फाटकापर्यंत येता का?"

सगळे खाली गेले. कठड्याच्या फटीतून मला रस्ता दिसत होता. आईने भिंगरीला फाटकाबाहेर उभे केले आणि तिचा चेहरा फलकाकडे वळवला. "वाच गं."

भिंगरीने डोळे बारीक केले आणि मोठ्याने, एकही अक्षर न चुकता वाचले, "ही शाळा सूर्याच्या विजेवर चालते." मग साहेबांचे संपूर्ण नाव, पदव्यांसकट.

"सर, एवढी मोठी अक्षरं तिला वाचता येतात," आई म्हणाली. "तेवढीच तिला वर खोलीत पाहिजे होती. ती तुम्ही इथं रस्त्याला लावलीत."

तपासनीस बाई पुन्हा वर आल्या आणि माझ्यावरच्या सावलीत स्वतःचा हात धरून पाहिला.

"मुलीला वाचता येतं," त्या म्हणाल्या. "ती इथेच राहील. आणि हा बोर्ड आत्ता उतरवा. मी थांबते."

शिपाईमामा पान्हा घेऊन इतक्या लगबगीने आले की चप्पल जिन्यातच राहिली.

तुम्ही म्हणाल, मग आता राग कसला? सांगतो. भिंगरीची कोणी माफी मागितली नाही. पुढच्याच समारंभात सर माइकवरून म्हणाले, "आमच्या सोलरमुळे ही मुलगी शिकते आहे," आणि टाळ्या घेतल्या. फलक आता दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा उभा आहे. शाळा सुटता सुटता त्याची सावली माझ्या धाकट्या भावंडावर येते. "तेवढ्यानं काय होतंय?" असे सर म्हणतात.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या शाळेवर माझे भाऊबंद असतील तर बाईंना नाहीतर सरांना घेऊन एकदा दुपारी गच्चीवर जा. धूळ साचली असेल तर पुसून घ्या. सावली दिसली तर ती कशाची आहे ते पाहा, आणि ज्याची आहे त्याला, तो कितीही मोठा असो, हात जोडून पण स्पष्ट सांगा: बाजूला व्हा, मुलं वाचताहेत.