मीटर बघायला आलेला माणूस

फ्रिजचं दार खट्कन लागलं आणि दुपारची शांतता मोडली. मुंगी नुकतीच झोपली होती. म्हणजे पाच वर्षांची पोर चाळीस मिनिटं भांडून एकदाची शरण आली होती. मुंगीच्या आईने तिचं डोकं मांडीवरून अलगद उशीवर सरकवलं आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली. तिचे बाबा, म्हणजे मुंगीचे आजोबा, टेबलाशी पाणी पीत बसले होते. फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी, त्यांचे काळे बूट होते. लेस आत खोचलेल्या, टाचा मागच्या बाजूला, अगदी शिस्तीत.

"बाबा, बूट?"

"हं."

"फ्रिजमध्ये?"

"मग कुठे ठेवायचे?" ते म्हणाले आणि उरलेलं पाणी प्यायले.

दुसऱ्या कुठल्याही घरातून एवढ्यावर डॉक्टरांना फोन गेला असता. या घरात पंचाईत अशी होती, की बाबांनी चाळीस वर्षं सिनेमांत असल्याच गोष्टी दाखवून नाव कमावलं होतं. त्यांच्या पहिल्या सिनेमात एक कारकून घराचं दार पाठीला बांधून ऑफिसला जातो आणि साहेब त्याच्याशी बोलण्याआधी दारावर टकटक करतात. मंजुरी देणाऱ्या मंडळाने विचारलं, या दाराचा अर्थ काय? बाबा म्हणाले, "सागवानी आहे." दुसऱ्या सिनेमात एका लग्नाला सगळे येतात, फक्त नवरा-नवरी येत नाहीत, आणि जेवणं उरकेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. निम्मे प्रेक्षक मध्यंतरात उठून गेले. उरलेल्या निम्म्यांनी तो दोनदा पाहिला. बाहेरच्या देशांत बक्षिसं मिळाली तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. सिनेमा त्यांच्यापैकी एकट्या मावशीने पाहिला. ती म्हणाली, "फोटो छान आलेत."

बाबांकडे पटकथा कधीच नसायची. सकाळी चहा घेता घेता ते त्या दिवसाचा सीन सांगायचे आणि तो वहीत उतरायचा. आधी वही तिच्या आईकडे होती. आठ वर्षांपूर्वी आई गेली आणि वही लेकीकडे आली. वहीचं दुसरं काम कंटिन्युइटीचं. कालच्या शॉटमध्ये पेला किती भरला होता, बाही कुठवर दुमडली होती, सगळं त्यात टिपलेलं. बाबा म्हणत, माणसाला तीन कान दाखवा, पण काल दाखवले असतील तर आजही तीनच हवेत, आणि तिसऱ्यावर तोच तीळ हवा. एकदा कपाचा कान उजवीकडचा डावीकडे झाला म्हणून त्यांनी ऐंशी माणसं चार तास बसवून ठेवली होती.

तिने बूट बाहेर काढले. गार लागत होते.

आताच्या सिनेमात एक माणूस एका घरी विजेचं मीटर बघायला येतो. घरातली माणसं त्याला वडील समजतात, ताट वाढतात, आणि तो वीस वर्षं तिथेच राहतो. जवळजवळ सगळं शूट झालं होतं, एक-दोन किरकोळ शॉट आणि शेवट तेवढा बाकी होता. घराचा सेट गुरुवारी पाडायचा होता. शेवट काय, हे युनिटमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. बाबा म्हणत, "डोक्यात आहे." चाळीस वर्षं तो तिथेच असायचा, त्यामुळे कुणी काळजी केली नव्हती.

सोमवारी सेटवर मीटरवाल्याच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं तिने पाहिलं.

"बाबा, तिसरं बटण. परवाच्या शॉटमध्ये होतं."

बाबांनी बटणाच्या जागेकडे पाहिलं. "चालेल," ते म्हणाले.

हा शब्द तिने त्यांच्या तोंडून सेटवर कधीच ऐकला नव्हता. मग ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुझी आई कुठे गेली? बोलाव तिला. तिच्याशिवाय पुढचं कसं घ्यायचं?"

ती काही बोलायच्या आत सहायक दिग्दर्शकाने गंभीरपणे मान हलवली. पंधरा मिनिटांत फ्रेममध्ये एक रिकामी खुर्ची आली, तिच्या पाठीवर बायकी शाल. कलादिग्दर्शकाचे डोळे भरून आले. बाबा खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

"ही कुणाची?"

"तुमचीच कल्पना, सर."

"बरं," बाबा म्हणाले.

शॉट झाला, आणि चांगला झाला. तेच तिला जास्त लागलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने कॅमेरामन काकांना गाठलं. बाबांबरोबर तीस वर्षं काम केलेला तेवढा एकच माणूस उरला होता.

"काका, बाबांना आठवत नाहीये."

"अगं, मला त्यांनी कधी नावाने हाक मारलीय? पहिल्या दिवशी 'ए टोपी' म्हणाले, तेव्हापासून मी टोपीच आहे. टोपी सोडून वीस वर्षं झाली."

"बटण तुटलेलं दाखवलं तर 'चालेल' म्हणाले."

काकांचा घास हातातच राहिला. "तोंडाने?"

"हो."

त्यांनी घास परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मग म्हणाले, "शेवट सांगितलाय तुला?"

"नाही. निर्मातीबाईंना सांगू का सगळं?"

"सांग की. बाई भल्या आहेत. बाबांना शाल देतील, घरी पोचवतील, आणि बुधवारी एखादा तरतरीत मुलगा आणतील. तो शेवटी सगळ्यांना हवेत उडवेल."

"बाबांना उडणारी माणसं आवडत नाहीत."

"मला काय सांगतेस," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी तिने बाबांना सरळच विचारलं, शेवट काय आहे? त्यांनी तोंड उघडलं. खिशात किल्ली चाचपावी तसे डोळे इकडून तिकडे फिरले. कुठल्याच खिशात काही सापडलं नाही. "सकाळी सांगतो," ते म्हणाले. मंगळवारी सकाळी त्यांनी चहाबद्दल सांगितलं, की गोड झालाय.

मंगळवारी सेटवर रंगकाम होतं, म्हणून सगळे घरी. जेवण झाल्यावर बाबा आरामखुर्चीत झोपले. मुंगी शेजारी जमिनीवर पालथी पडून घोडा रंगवत होती. मुंगीच्या आईने वही उघडली. इतक्या वर्षांत या वहीत बाबांनी न सांगितलेली एक ओळसुद्धा चढली नव्हती. तिच्या आईचा तसा नेमच होता. तिने तारीख घातली आणि बराच वेळ नुसती तारखेकडे बघत बसली. बाबांचा श्वास संथ चालला होता. मग ती लिहायला लागली, आणि दीड पान होईपर्यंत थांबली नाही.

बुधवारी चहाच्या वेळी तिने वाचून दाखवलं. "काल तुम्ही सांगितलेलं वाचते, बाबा." आवाज सरळ राहिला. मीटरवाला सकाळी उठतो. त्या घरातली मुलगी त्याच्या शर्टाची बटणं लावून देते, म्हणते, उशीर होईल. तो बाहेर पडतो. दार लागतं. लगेच बेल वाजते. मुलगी दार उघडते. तो म्हणतो, "मीटर बघायचंय." मुलगी म्हणते, "या ना, आत या."

बाबांनी कप खाली ठेवला.

"हे मी सांगितलं?"

"हो."

"कधी?"

"काल. जेवण झाल्यावर."

त्यांनी वही हातात घेतली, पान डोळ्यांजवळ धरलं, परत दिलं. "जरा सरळ आहे," ते म्हणाले. "पण माझंच दिसतंय."

मुंगीच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तीही सेटवर आली आणि लाइटच्या खोक्यावर आईला खेटून बसली. बाबा उभे राहिले आणि एकेकाला जागेवर लावू लागले. पाठ ताठ, आवाज जुना. पहिल्या टेकला मुलीचं काम करणाऱ्या नटीने दार उघडताना डोळ्यांत पाणी आणलं.

"कट. का रडतेस?"

"सर, तो तिला ओळखत नाही ना..."

"मीटर बघायला माणूस आलाय. त्याला पाहून कुणी रडतं का? तो उन्हातून आलाय, त्याला आधी बसायला खुर्ची दे."

दुसऱ्या टेकला ती रडली नाही. तिने खुर्ची पुढे केली, मीटरवाला अवघडून काठावर बसला, आणि कॅमेरा चालूच राहिला. बाबा "कट" म्हणायचं विसरले असं सगळ्यांना वाटलं. ते विसरले नव्हते, वाट बघत होते. मीटरवाला हळूच खुर्चीला टेकला, तेव्हा म्हणाले, "कट. ओके."

टाळ्या पडल्या. काकांनी कॅमेऱ्यावर कपाळ टेकवलं. तिने वहीत टेक नंबर दोनभोवती गोल केला.

मुंगीने तिचा दंड ओढला. "आई, आजोबांनी काल सांगितलं म्हणालीस ना?"

"हं."

"काल तर ते झोपले होते. तू लिहीत होतीस."

तिने आजूबाजूला पाहिलं. सगळे टाळ्या वाजवण्यात गुंतले होते. "हो," ती हळूच म्हणाली.

मुंगीने यावर थोडा विचार केला. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. पलीकडे बाबा रिकाम्या सेटच्या मध्यभागी उभे राहून आता काय करायचं असतं हे आठवत होते, आणि कुणीतरी त्यांच्यासाठी पाणी आणत होतं. मुंगी आईच्या मांडीवरच्या वहीकडे वाकली आणि पुढचं कोरं पान उलटून बघत तिने विचारलं, "मग उद्या काय सांगितलंय त्यांनी?"