दुकानाचा चेहरा

जळालेल्या मोटारींत नव्याने तार भरून देण्याचे दुकान नवरा गेल्यावरही तिने चालू ठेवले. हाताला काम नवे नव्हते; कित्येक वर्षे निम्म्या मोटारी तीच भरत आली होती, फक्त आतल्या खोलीत बसून. अडचण होती ती गल्ल्यावर. गिऱ्हाईक आले की ती हसून "या, बसा" म्हणे, आणि "कारागीर कधी येणार?" असे विचारून गिऱ्हाईक मोटार उचलून चालू लागे.

सासूबाईंनी काही दिवस हे पाहिले आणि एका दुपारी स्वयंपाकघरातच शिकवणी सुरू केली.

"मी गिऱ्हाईक. ही मोटार." त्यांनी तिच्यापुढे कढई आदळली. "किती वेळ लागेल?"

"तसं बघून सांगते हं," ती हसली.

"झालं! गेलं गिऱ्हाईक. अगं, तो काय पाहुणा आलाय? वर बघायचं नाही. आधी मोटार, मग माणूस. आणि आठी घाल कपाळाला. ही आठी आहे की पोटात दुखतंय तुझ्या?"

हसून हसून दोघींची पुरेवाट झाली, तरी शिकवणी चुकली नाही. घसा कसा खाकरायचा, पाय रोवून कसे उभे राहायचे, उत्तर देण्याआधी उगाच पाना कसा शोधत राहायचा. हे सारे तिच्या नवऱ्याचे होते. ते अंगी आणताना त्याचा सदरा चोरून घातल्यासारखे तिला वाटे.

खरी परीक्षा लॉन्ड्रीवाल्यांची. निम्मे दुकान त्यांच्या यंत्रांवर चाले. ते गेले तर शटर ओढण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते आले तेच चढ्या आवाजात.

"वहिनी, दोन मोटारी बसल्यात. तुम्हाला जमेल ना? नाहीतर दुसरीकडे बघतो."

तिने मान वर केली नाही. झाकण काढले, जळक्या तारेचा वास घेतला, पाना शोधला. तो समोरच होता, तरी शोधला.

"पाणी शिरलंय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "झाकणाचं रबर कधी बदललं होतं?"

लॉन्ड्रीवाल्यांचा आवाज एकदम उतरला. "ते... राहूनच गेलं."

"ठेवा."

त्यांनी मुकाट्याने दोन्ही मोटारी ठेवल्या.

ती धावतच आत आली. "आई, ठेवल्या! अगदी ह्यांच्यासारखं केलं मी. ह्यांचं उसनं घेतल्यासारखं वाटतं, पण..."

"त्याचं कुठलं?" सासूबाई भांडी विसळत म्हणाल्या. "तोही ह्याच ओट्यापाशी शिकला. लाजाळू पोरगं, आवाज बारीक. गिऱ्हाईक दिसलं की फळीमागे लपायचा. त्याच्या बापाचं बघून बघून मीच त्याच्याकडून बसवून घेतलं. सकाळी पायरी उतरताना हा दुकानाचा चेहरा चढवायचा, संध्याकाळी हात धुताना उतरवायचा."

ती जागीच थांबली. संध्याकाळी हलक्या आवाजात बोलणारा, तिच्या केसांत अडकलेला तारेचा तुकडा अलगद काढणारा तो माणूस तिला आठवला. दिवसभराचे ओझे उतरवून तो तिच्याजवळ येई. एवढे मोठे देणे रोज पदरात पडत होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"आणि तुम्हाला कुणी शिकवलं, आई?"

"मला उलटं शिकवलं. हळू बोल, खाली बघ, दाराआडून उत्तर दे. माहेरी माझा आवाज चार घरं पलीकडे जायचा. इथं आले आणि चांगली शिकले हो मी!" त्या हसल्या. "बरं, त्यांना कधी या म्हणालीस?"

तिने जीभ चावली. सांगायचेच राहिले होते. बाहेर लॉन्ड्रीवाले टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत उभे होते. ती वळली, पण त्याआधीच सासूबाईंनी खिडकी उघडली.

"अहो लॉन्ड्रीवाले! परवा या, परवा! उद्या याल तर तारेवरचं ओलं वार्निश घेऊन जाल!"

सारी गल्ली वळून पाहू लागली. टेम्पोवाला बोलता बोलता थांबला.

"बरं, मावशी!" लॉन्ड्रीवाले ओरडले.

सासूबाईंनी आपल्याच गळ्याला हात लावला. सुनेने पेलाभर पाणी पुढे केले. खिडकी न लावता, तिथेच उभ्या राहून, त्या ते सावकाश प्यायल्या.