पाचवीचा कोरा कागद

कटकट माझ्या पाचवीलाच पुजलेली, असं मी दिवसातून दहादा म्हणते. पण पाचवीला नेमकं काय मांडतात, ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या लिंबाजी आजोबांनी धम्म घेतला, तेव्हा सटवाई घरातून गेली ती गेलीच.

मी बुद्धप्रिया, लातूरच्या एका दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षाची सिस्टर. त्या दिवशी मुरुडच्या धुरपताबाई दारात ठाण मांडून बसल्या होत्या. नातू चार दिवसांचा, वजन सोळाशे ग्रॅम, काविळीमुळे निळ्या दिव्याखाली. दिवा सोडला तर कावीळ मेंदूत जाईल, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं. तरी आजींचं एकच, "उद्या लेकरू घरी न्यायचं." त्यांचा मुलगा दयानंद 'स्वतःच्या जबाबदारीवर नेतो'चा फॉर्म घेऊन उभा.

मी चिडले. अशा बाळांचं पुढं काय होतं ते दाखवावं म्हणून जुनं रजिस्टर काढलं आणि पानं उलटता उलटता थांबले. वर्षभरात अकरा बाळं अशी नेलेली. त्यातली आठ चौथ्या नाहीतर पाचव्या दिवशी, म्हणजे पाचवीच्या तोंडावर. शेरा माझ्याच अक्षरात: 'नातेवाईक ऐकत नाहीत.'

माझी वर्गमैत्रीण आरती अमेरिकेत नर्स आहे. तिच्याकडे ह्मोंग लोकांची बाळं येतात, मूळचे लाओसच्या डोंगरांतले लोक. तिसऱ्या दिवशी ते बाळाच्या आत्म्याला हाक मारून घरी बोलावतात, मनगटाला दोरा बांधतात. "आधी आम्ही दोरा कापायचो, आता विचारतो," आरती फोनवर म्हणाली होती. मला केवढं कौतुक वाटलं होतं! आणि दारातल्या आजीवर मी डाफरत होते. लाजच वाटली.

मी त्यांच्याजवळ खालीच बसले. "आजी, पाचवीला काय काय लागतं?"

"चेष्टा करायलाव का?"

"नाही हो. आमच्यात करत नाहीत."

"वरवंटा, हळदकुंकू, कोरा कागद, पेन. रातभर दिवा. सटवाई येती, लेकराचं नशीब लिवती." मग त्यांचा आवाज उतरला. "सिंधूचं पयलं लेकरू असंच दवाखान्यात ऱ्हायलं. घरला सटवाई येऊन गेली आसंल, लेकरूच न्हवतं. सातव्या दिवशी गेलं."

काचेआड सूनबाई सिंधू बाळाकडे बघत बसली होती. एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

"आजी, तुमची बाळंतपणं कुठं झाली?"

"कुठं म्हंजी? माहेरात. चारी."

"मग सटवाई सासरी गेली, का माहेरी आली?"

आजी माझ्याकडे वळल्या. "माहेरातच की. लेकरू आसंल तिथं येती ती." आणि मग हळूच म्हणाल्या, "हितं मांडू देता?"

"बाहेर, काचेजवळ. फक्त ज्योत नको, आत ऑक्सिजन आहे."

"मग दिव्याचं काय?"

मी बाळावरच्या दिव्याकडे बोट केलं. "हा रात्रभर विझत नाही."

त्यांनी बराच वेळ निरखलं. "रंग येगळा हाय. चालंल."

दुसऱ्या दिवशी दयानंदनं मोटारसायकलवरून टॉवेलात गुंडाळून वरवंटा आणला. संध्याकाळी स्टुलावर पूजा मांडली. कागद म्हणून त्यानं तोच फॉर्म पालथा घातला. आजींनी उचलून बघितला. "मागनं लिवलेलं हाय. कोराच पायजे." मी डायरीचं पान फाडून दिलं, खिशातलं पेनही दिलं. दयानंदनं फॉर्म चुरगाळून टाकला.

सकाळी कामावर आले तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आला होता. आजी स्टुलाशेजारी बसून होत्या. कागद कोराच होता.

"काय लिहिलं असेल हो?" मला राहवलं नाही.

"ते कुणाला वाचता येत न्हाई, बाई." त्यांनी पेन माझ्या हातात ठेवलं. "तिचं लिवून झालं. आता तुमी लिवा."

मी रजिस्टर उघडलं. लिहिलं: कावीळ उतरतीला. बाळ इथेच आहे.