खिडकीजवळची फळी

लाकडी जमिनीचं काय करायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. सोनगीरला सासरच्या शेताच्या बांधावरचा साग वादळात पडला, माझ्या नवऱ्याने, जितेंद्रने, त्याच्या फळ्या करून आमच्या धुळ्याच्या हॉलमध्ये बसवून घेतल्या आणि हात झटकले. मी वर्षभर रोज बादलीभर पाणी आणि फिनेल घेऊन पुसत राहिले. सवयच तशी. फळ्या पांढुरक्या, मेलेल्या दिसायला लागल्या.

आणि आता आबा, माझे सासरे, पहिल्यांदाच मुक्कामाला येणार होते. साग त्यांनी लावलेला. तो पडला तेव्हा दोन दिवस नीट जेवले नव्हते. त्यांच्या लाकडाची मी ही दशा केलेली! मला नुसतं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारची दिपमाला म्हणाली, चहाच्या पाण्याने पूस. मोबाईलवरची एक बाई म्हणाली, व्हिनेगर. दुसरी म्हणाली, व्हिनेगर चुकूनही नको. आई म्हणाली, खोबरेल. जितेंद्र म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर," म्हणजे नेहमीसारखं काहीच नाही. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी ज्यांनी फळ्या बसवल्या त्या भाईदास मिस्तरींनाच फोन लावला.

"पाणी बंद करा, ताई. फडकं घट्ट पिळून पुसा. वाळलं की जवसाचं तेल, अगदी पातळ, रेषांच्या दिशेनं चोळा आणि जास्तीचं लगेच टिपून घ्या. आणि ती खिडकीजवळची फळी..."

"हो हो, बघते मी तिचं," म्हणून मी फोन ठेवला. त्या फळीवर तळहाताएवढा काळा डाग होता. सगळ्यात खराब फळी नेमकी उजेडात बसवली, आता माफी मागत असतील!

तीन दिवस खपले. तेल प्यायल्यावर लाकूड मधासारखं उजळलं. डागाला मात्र लिंबू आणि मीठ चोळावं लागलं, सकाळ-संध्याकाळ, बोटं झोंबेपर्यंत. तिसऱ्या दिवशी तो गेला. मी एकटीच हसले.

मी पिळलेलं फडकं शेवटचं फिरवत होते, तेवढ्यात आबा आले. चपला बाहेर काढल्या, दारातच थबकले.

"बठ्ठं चमकी ऱ्हायनं, भूमिका!"

माझा जीव भांड्यात पडला. पण ते पाणीही न घेता थेट खिडकीशी गेले. वाकून पाहिलं. दोन पावलं मागे आले, पुन्हा वाकले. काय शोधतायत, मला कळेना.

"काया डाग कोठे शे? मिस्तरीले मी सांगेल व्हतं, ती फळी उजेडमा बसाड."

डाग मुद्दाम?

"झाडले मी खिळा ठोकेल व्हता. तुनी सासू त्याले भाकरीस्नं गठोडं टांगे. झाड वाढनं, खिळा खोडना मजारमा गया, त्यानाच तो काया डाग. फळ्या करताना करवतनं पातं तुटनं, तव्हय सापडना." ते डोळे चोळायला लागले. "ऑपरेशन करीसन बी डोयास्ले दखाये नई."

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही, लग्नाआधीच गेल्या. गप्प बसले असते तर आबांनी डोळ्यांनाच दोष दिला असता. ते मला सोसेना.

"आबा, डोळे चांगले आहेत तुमचे. डाग मी काढला. लिंबाने. मला घाण वाटली ती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गुडघ्यावर हात टेकत सावकाश खाली बसले आणि फळी चाचपायला लागले. एका जागी बोट थांबलं. मिस्तरींनी मेण भरून बुजवलेलं खिळ्याचं भोक होतं ते. आबांनी नखाने ते मेण कोरून काढलं.

"आठे शे," ते म्हणाले आणि करंगळीचं टोक त्यात घालून बसून राहिले.

मला रडू आवरेना. त्यांच्या शेजारी बसावं की आत जावं, तेही कळेना. पिळलेलं फडकं अजून माझ्या हातातच होतं.