मध्यंतराचा हार

पंचावन्न सालच्या रामनवमी उत्सवात मुलुंडच्या आमच्या लहानशा देवळात अनंतबुवांचं कीर्तन होतं. पेटीवर मी. कीर्तनाचे पैसे घ्यायचे नाहीत, नारळ आणि पसाभर तांदूळ बस, असा बुवांचा नेम. नेम त्यांचा, पण त्यावर गळक्या, धुरकट खोलीतलं घर चालवायचं त्यांच्या पत्नीने, वनमालावहिनींनी.

पूर्वरंगाला विषय होता निर्लोभता. बुवांचा आवाज असा लागला होता, की माझी बोटं आपोआप चालत होती. मागे भिंतीला टेकून नंदकिशोर शेठच्या चाळीतली माणसं बसली होती. चाळ पाडायची म्हणून शेठने त्यांना जागा सोडायला सांगितलं होतं. शेठ बुवांना मानतो, तर बुवांनीच शब्द टाकावा, अशी गळ त्यांच्यातल्या धाकूने सकाळीच घातली होती. बुवा हो म्हणाले होते.

पूर्वरंग संपला. मध्यंतराला यजमानाने बुक्का लावून बुवांना हार घालायचा, मगच आख्यान लागायचं, ही रीत. यजमान शेठच. त्याने बुक्का लावला आणि भर सभेत जाहीर केलं, की चाळीच्या जागी नवी इमारत उठतेय, तिच्यात दोन खोल्या बुवांना. भाडं नाही, काही नाही.

मग त्याने हार उचलला. बुवांची मान वाकेना.

शेठचे हात तसेच वर. "वाकतले बघ," धाकू मागून पुटपुटला, "गळक्या खोलीत कोण रवतलो?"

माझा भाता थांबला.

"शेठ," बुवा म्हणाले, "मला त्या खोल्या हव्या आहेत. आत्ता हे बोलतानासुद्धा हव्या आहेत. मग आख्यान कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. आख्यानावाचून मोडलेलं कीर्तन मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

वनमालावहिनी बायकांतून उठल्या. शेठच्या हातातला हार घेऊन त्यांनी रामापुढे ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"मलाही हव्यात हो. धुरात मी असते, तुम्ही नाही. पण ह्या लोकांची घरं पाडून नकोत. उचला चिपळ्या."

शेठ चपला घालून निघून गेला. चाळीचं काय करणार, ते बोलला नाही.

बुवांनी हाराशिवाय आख्यान लावलं. आवाज चढेना, तशी मी पट्टी खाली उतरवली. धाकू भिंत सोडून पुढे येऊन बसला.