डेकखालचा उतार

मित्रांनो, मी एक जुनी गच्ची आहे. लोक मला सपाट म्हणतात, पण माझ्या अंगाला एक उतार आहे. तो इतका हलका आहे की डोळ्यांना दिसत नाही. पाण्याला मात्र बरोबर कळतो. आज सांगते ती गोष्ट हेव्याची आहे. हेवा माझा, आणि तो माझ्याच डोक्यावर येऊन बसलेल्या एका लाकडी डेकचा.

मला एका गवंड्याने घडवलं. घर त्याचं स्वतःचं. दिवसभर लोकांच्या भिंती बांधून तो संध्याकाळी माझा कोबा घालायचा, गुडघ्यांवर बसून, थापी फिरवत मागे मागे सरकत. कोबा वाळल्यावर त्याने वरच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतलं आणि कठड्यावरून वाकून ओरडला, "आलं का गं?"

खाली अंगणात, माझं पाणी उतरवणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी त्याची बायको उभी होती. "अजून नाही!" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आलं! आलं!"

ती हाक मी आजवर जपून ठेवली आहे.

पुढे मी खूप राबले. गाद्या उन्हात घेतल्या, ओले कपडे सोसले, मुलांचे चेंडू झेलले. माझ्या अंगावर पाण्याचं डबकं कधी साचलं नाही. गवंडी म्हातारा झाला, त्याची बायको गेली आणि घरात सगळे त्याला बाबा म्हणू लागले. मग त्यांचे पाय थकले आणि चाकाची खुर्ची आली. त्यांच्या खोलीचं दार माझ्यावरच उघडतं. ते बाहेर आले की मला बरं वाटे. पण खुर्ची हळूच कलायची आणि पाण्याच्या वाटेने निघायची, थेट पाइपाच्या कोपऱ्याकडे.

"एक दिवस कठड्यावर आदळाल, बाबा," मुलगा म्हणाला.

"कठडा मी बांधलाय. त्याला काही होत नाही."

"कठड्याची काळजी कोण करतंय इथे?" सून म्हणाली.

तेव्हा ठरलं, वर लाकडी डेक करायचा. अगदी समपातळीत. ज्या उताराचं इतकं कौतुक झालं होतं, तोच आता खोट ठरला!

सुतार आला. फळ्यांवरून तो असा हात फिरवायचा, जणू मांजराची पाठच. त्यांना तेल पाजलं, एकदा नाही, दोनदा. माझ्या भेगांना कुणी साधं फडकं तरी लावलं होतं का? भुसा माझ्या अंगावर आणि वाहवा त्यांच्या वाट्याला! सगळ्यात झोंबलं ते हे की बाबा दिवसभर दारात बसून डेकच बघायचे. "लाकूड चांगलं आहे हो," म्हणायचे. मी तिथेच होते, मित्रांनो. त्यांच्या चाकाखाली.

शेवटची फळी ठोकली आणि माझ्यावर अंधार झाला. मुलाने खुर्ची डेकच्या मधोमध आणून सोडून दिली. "बघा बाबा! तसूभर हलत नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली जळत होते.

"पाणी आण गं तांब्याभर," बाबा सुनेला म्हणाले.

तिला वाटलं, तहान लागली असेल. तिने तांब्या दिला.

"आता खाली जा आणि पाइपाशी उभी राहा."

"पाइपाशी? कशाला?"

"जा तर खरी."

त्यांनी वरच्या कोपऱ्यात खुर्ची नेली, वाकले आणि दोन फळ्यांच्या फटीतून पाणी सोडलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातचं पाणी माझ्या अंगावर आलं! मी ते घेऊन निघाले आणि मध्येच एका लाकडावर आपटले.

"आलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा!"

आणखी एक तांब्या ओतला. "आता?"

"थेंब नाही!"

"थोडंच तर ओतलंय," मुलगा म्हणाला. "फळ्यांनी प्यायलं असेल."

"प्यायलं नाही, अडलंय. खालचा एखादा वासा आडवा पडलाय. पाणी तुंबलं तर आधी लाकूड कुजेल आणि मग छत गळेल."

सुतार जरा घुश्शातच गुडघ्यांवर बसला आणि त्याने एक फळी उचकटली. आत वाकून पाहिलं. वासा उताराला आडवा, बांधासारखा पडला होता आणि पाणी त्याला टेकून उभं होतं. "माझंच चुकलं, बाबा. वरून लेव्हल बघत राहिलो. खालून बघायचं राहूनच गेलं." त्याने वाशाला खालून खाचा पाडल्या. पाइपाच्या कोपऱ्यातली एक फळी बाबांनी सुटीच ठेवायला लावली, बोट घालून उचलता येईल अशी.

मग बाबांनी पुन्हा तांब्या ओतला.

मित्रांनो, खरं सांगते, डेकची चकाकी अजूनही मला सलते. पण एक गोष्ट कळली. वरची फळी समपातळीत राहावी म्हणून डेकचा खालचा प्रत्येक पाय माझा उतार मोजून, उंच-बुटका कापलेला आहे. तुम्हीही नव्यावर जरूर बसा. फक्त अधूनमधून एखादी फळी उचलून खाली बघत जा. तिथे कुणीतरी काम करत असतं.

बाबा अजून दर आठवड्याला ती सुटी फळी काढून घेतात, कचरा साफ करवतात आणि वरच्या कोपऱ्यात तांब्या ओततात. मी पाणी घेऊन धावते. लाकडाच्या खालून, अंधारातून, माझ्या जुन्या वाटेने.

आणि खालून सून ओरडते, "आलं! आलं!"